महागाईचे आंकडे आणि मजुराची भाकरी

(वर्गणीदारांच्या सभेंत केलेलें भाषण)



मंडळीच्या चिटणिसांनीं वर्षाचा जमाखर्च आपणांपुढें ठेवलाच आहे. त्याची पुनरुक्ति मी करीत नाहीं. माझ्याकडे सोंपविलेलें काम निराळें आहे. वर्गणीसाठीं आम्ही पेठेंतील दुकानें व गांवोगांवचे वाडे हिंडत असतां एक आक्षेप ठिकठिकाणीं ऐकूं आला. आक्षेप घेणारे गृहस्थ कृपण नव्हेत. त्यांपैकीं पुष्कळांनीं मागील प्रसंगीं हात सैल सोडलेला आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, "सरकारी आंकडा महागाई उतरली असें सांगतो, बाजारांत धान्य, डाळी, भाजीपाला यांस तोटा नाहीं, लोक मोटारी घेताहेत, सोनें घेताहेत, मग तुम्ही दुष्काळ म्हणतां तो आहे कोठें?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक प्रश्नाला भावनेचें उत्तर देऊन वेळ मारून नेणें योग्य नव्हे.

मी धंद्यानें वकील आहें; अर्थशास्त्राचा अध्यापक नव्हें. परंतु आंकडा हाहि एक साक्षीदारच असतो. तो खोटें बोलतो असें म्हणण्याची घाई करूं नये. त्याला प्रश्न काय विचारला होता व त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें किती, एवढें उलटतपासणींत काढून घ्यावें, म्हणजे बहुतेक काम होतें.

ऑक्टोबर २०२५ मध्यें अखिल भारतीय ग्राहकमूल्यनिर्देशांकाची वार्षिक वाढ अवघी ०.२५ टक्के निघाली. २०१२ हें पायाभूत वर्ष धरून चाललेल्या त्या मालिकेंत इतका लहान आंकडा पूर्वीं आलेला नव्हता. अन्नपदार्थांचे भाव तर वर्षापूर्वींच्या मानानें ५.०२ टक्क्यांनीं उतरलेले दिसले. याच्या अगोदरच्याच महिन्यांत मराठवाड्यांत व सोलापूर जिल्ह्यांत अतिवृष्टीनें आणि नद्यांच्या पुरानें उभीं पिकें गेलीं, कित्येक शेतांतील मातीहि पिकाबरोबर वाहून गेली, आणि ओला दुष्काळ जाहीर करा अशी मागणी गांवोगांव उठली. हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत. तीं एकमेकांस खोडीत नाहींत, कारण तीं एकाच गोष्टीविषयीं बोलतच नाहींत.

निर्देशांक काढतात तो असा. एका सरासरी कुटुंबाची खरेदीची टोपली कल्पावयाची. तींत कोणत्या जिनसेला किती वजन द्यावयाचें तें घरखर्चाच्या पाहणीवरून ठरवावयाचें. नेमलेल्या बाजारांतून दरमहा भाव टिपून टोपलीची किंमत काढावयाची, आणि मागील वर्षीं त्याच महिन्यांत ती किती होती तें ताडून पाहावयाचें. मीं सांगितलेल्या मालिकेची टोपली २०११-१२ च्या पाहणीवरून बांधलेली होती. तींत खाण्यापिण्याच्या जिनसांना खेड्यांपुरतें शंभरांत ५४.१८ व शहरांपुरतें ३६.२९ इतकें वजन होतें. यावरूनच लक्षांत येईल कीं, एकाच देशांत किमान दोन टोपल्या आहेत. आणि खेड्यांतील टोपलींतहि पन्नास एकर बागाइताचा धनी व पावसाळ्यांत दुसऱ्याच्या बांधावर खुरपें चालविणारी बाई यांची सरासरी केलेली आहे.

मागील वर्षाशीं ताडून पाहण्याच्या या रीतींत आणखी एक मेख आहे, ती व्यापारी गृहस्थांस चटकन उमगेल. ऑक्टोबर २०२४ मध्यें अन्नपदार्थांचे भाव वर्षभरांत १०.८७ टक्क्यांनीं चढलेले होते. म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्यें जें अन्न १०० रुपयांस मिळालें, तें पुढील वर्षीं १११ रुपयांच्या घरांत गेलें, आणि त्याच्या पुढील वर्षीं सुमारें १०५ रुपयांवर आलें. वर्तमानपत्रांत मथळा आला तो उतरल्याचा. मजुराची बायको मात्र दोन वर्षांपूर्वींचा भाव विसरलेली नसते. तिला त्या दोन वर्षांत मजुरी किती वाढली याचाहि हिशेब तोंडपाठ असतो.

शिवाय उतरलेला भाव हा घेणाऱ्याच्या बाजूनें लिहिलेला आहे. निर्देशांकाचें नांवच ग्राहकमूल्य. विकणाऱ्याचें गाऱ्हाणें ऐकण्याची त्याच्यावर जबाबदारीच नाहीं. कांद्याचा किंवा तुरीचा भाव पडला म्हणजे मुंबईच्या गृहिणीचा आंकडा सुधारतो, व त्याच सकाळीं लासलगांवच्या आवारांत माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला गाडीभाडें तरी सुटेल कीं नाहीं याची विवंचना पडते. एकाच व्यवहाराची जमेची बाजू लिहून नांवेंची बाजू कोरी ठेवण्याचें काम आपल्या पेढीवरचा नवशिका मेहताहि करणार नाहीं. देशाच्या स्वास्थ्याविषयीं बोलतांना मात्र भलेभले लोक तसें करतात.

आतां या साक्षीदारानें मुळींच न पाहिलेली गोष्ट. मजुराच्या घरीं दोन हिशेब चालतात: एका दिवसाच्या मजुरीला धान्य किती येतें, आणि महिन्यांत दिवस किती भरले. उदाहरणादाखल समजा कीं, रोज ३०० रुपये आहे व ज्वारी ३० रुपये किलो आहे. वीस दिवस काम मिळालें तर त्या घराच्या हातीं दोनशें किलो ज्वारीची ऐपत येते. पीक वाहून गेलें, काढणी राहिली नाहीं, आणि महिन्यांत सहाच दिवस काम मिळालें, तर ऐपत साठ किलोंवर आली. ज्वारीचा भाव एका पैशानेंहि हललेला नाहीं. निर्देशांक निश्चल आहे. घरांतील चूल मात्र दोन वेळां पेटावयाची ती एकदांच पेटते. पीठ, तेल, मीठ, औषध, मुलाची वही हें सर्व त्या साठ किलोंतूनच निघावयाचें असतें, हें येथें वेगळें सांगत नाहीं.

हा विचार आपल्या प्रांतास नवा नाहीं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य व वर एक आणा इतकी खालीं आणली. मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं ती न पत्करतां कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. मद्रासकडील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं एवढ्या अन्नावर कष्ट करणारें शरीर टिकत नाहीं असें निकरानें प्रतिपादिलें, व तिकडे ती मजुरी १८७७ सालींच वाढवावी लागली. या अनुभवांतून पुढें दुष्काळाचे नियम तयार झाले. त्यांत मजुरी धान्याच्या मापानें ठरवावी, पैशांत चुकती करावी, आणि बाजारभाव चढेल तशी पैशाची रक्कम चढती ठेवावी असें तत्त्व आलें. महागाईभत्त्याची कल्पना गिरण्यांत शिरण्यापूर्वीं कितीतरी वर्षें ती खडी फोडणाऱ्याच्या हजेरीपटांत होती, ही गोष्ट आपण फारशी आठवीत नाहीं.

त्याच नियमांच्या परंपरेंत संकटाचीं पूर्वचिन्हेंहि नोंदलेलीं आहेत. सावकार हात आखडता घेतो, धान्याच्या व्यापारांत एकाएकीं धांदल उडते, गांवांत भिक्षा मिळेनाशी होऊन याचक दूरवर भटकूं लागतात, चोऱ्या वाढतात, कळप नेहमींची वाट सोडून चाऱ्यासाठीं भलतीकडे वळतात. यांत भावाचा विचार आहे. पण भाव एकटा नाहीं. तेव्हांचे अधिकारी फार दयाळू होते असें मी म्हणत नाहीं. त्यांची दया सर्वांस ठाऊक आहे. परंतु एका आंकड्यावर विसंबून कचेरींत बसूं नये, एवढें तरी त्यांना अनेक लक्ष माणसें मेल्यावर कळलें होतें.

पुढें १९२१ सालीं मुंबईंत मजूरकचेरी स्थापन झाली व गिरणीकामगारांच्या राहणीच्या खर्चाचा निर्देशांक, जुलै १९१४ चे भाव १०० धरून, प्रसिद्ध होऊं लागला. पुढील काळांत त्याच्याशीं भत्ते बांधले गेले, आणि म्हणूनच त्याची कसून तपासणी करणारेहि उभे राहिले. १९६३ सालीं हा आंकडा खरी महागाई दाखवीत नाहीं असा ओरडा मुंबईंत इतका झाला कीं, प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखालीं तज्ज्ञांची समिति नेमावी लागली. ज्यांची संघटना होती त्यांचा आंकडा तपासला गेला. कोरडवाहू गांवच्या शेतमजुराच्या नांवेंहि आज स्वतंत्र निर्देशांक निघतो; पण तोहि भावच सांगतो. काम मिळालें कीं नाहीं हें विचारण्याची त्यालाहि आज्ञा नाहीं.

भावाचा आंकडा ओरडत असतांहि तो ऐकला जात नाहीं, व खर्चाचा आंकडा भरभराट दाखवीत असतां माणसें मरतात, याचें सर्वांत भयंकर उदाहरण बंगालचें आहे. ११ डिसेंबर १९४२ रोजीं कलकत्त्यास तांदळाचा घाऊक भाव मणास १३ ते १४ रुपये होता. मार्च १९४३ मध्यें तो २१ झाला, मे महिन्यांत ३० च्या वर गेला, आणि ऑगस्टांत ३७ वर पोहोंचला. ब्रह्मदेश शत्रूच्या हातीं गेला होता, ऑक्टोबर १९४२ मध्यें मेदिनीपूरकडे वादळ होऊन गेलें होतें. पिकाची तूट नक्की किती होती याविषयीं विद्वानांत अद्यापि वाद आहे. पण पैशाची तूट मुळींच नव्हती. युद्धाच्या कामावर पैसा पाण्यासारखा ओतला जात होता. प्रांताच्या एकंदर खर्चाची बेरीज कोणीं केली असती तर बंगालला बरे दिवस आले आहेत असेंच तींत दिसलें असतें. ज्यांच्या हातीं तो पैसा गेला त्यांनीं तांदूळ घेतला, व ज्यांच्या हातीं गेला नाहीं त्यांच्या ताटांतून तो गेला. शहरांतील मोठ्या कारखान्यांच्या नोकरांना मालकांमार्फत सवलतीच्या दरानें धान्य मिळण्याची सोय झालेली होती. मेले ते बहुधा खेड्यांतील शेतमजूर, कोळी, नावाडी, आणि ज्याच्याकडे हजामत करविणें लोकांनीं लांबणीवर टाकलें तो न्हावी. १९४५ च्या चौकशीमंडळानें मृत्यूंची संख्या सुमारें १५ लक्ष धरली. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत ती ३० लक्षांच्या आसपास असावी असें दाखविलें आहे. दुष्काळाचे नियम त्या प्रांतांत लागू असतांहि दुष्काळ जाहीर झाला नाहीं.

त्या वर्षीं साठेबाजीचा डाग व्यापारीवर्गावर बसला. तो सरसकट सर्वांवर बसावा हें न्याय्य नव्हतें. भीतीपोटीं चार पोतीं अधिक भरून ठेवणारा मध्यम स्थितींतील गृहस्थहि त्या पापांत भागीदार होता. तथापि डाग बसला हें खरें, आणि आपणांपुढें आज हें बोलून दाखविण्यांत मला संकोच वाटत नाहीं, कारण आपण येथें आलां आहां.

याच्या उलट आपलें उदाहरण. १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत धान्याचें उत्पन्न भयंकर बुडालें. धान्य कमी व महाग होतें. निर्देशांकावर बोट ठेवून पाहणाऱ्यानें बंगालचीच भीति बाळगली असती. परंतु रस्ते, बंधारे, पाझर तलाव, नालाबांधणी यांचीं कामें काढलीं गेलीं, आणि मे १९७३ मध्यें या कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. मजुरी तुटपुंजी होती, ती वेळेवर मिळत नसे, सुखडीवर दिवस काढावे लागले. हें सर्व मान्य. पण धान्याची जी तूट आली ती सर्व थरांवर वांटली गेली. ती एकट्या मजुराच्या माथीं बसली नाहीं, कारण त्याच्या हातीं बाजारांत उभें राहण्यापुरता पैसा होता. वि. स. पागे यांच्या प्रयत्नानें उभी राहिलेली रोजगार हमीची योजना १९७७ सालीं कायद्यांत आली ती याच अनुभवाच्या बळावर. बंगालमध्यें खर्चाची बेरीज मोठी होती व वांटणी मोडलेली होती. येथें बेरीज लहान होती, पण मजुराचा हिस्सा तींत राहिला.

आतां खर्चाच्या आंकड्याचीच तपासणी करूं. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें १८५७ सालीं दाखवून दिलें कीं, घर जितकें गरीब तितका त्याच्या खर्चांतील अन्नाचा हिस्सा मोठा. आपल्या पुण्यांत दांडेकर व रथ यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत १९६०-६१ च्या भावानें खेड्यांत माणशीं दरमहा १५ रुपये व शहरांत साडेबावीस रुपये ही जगण्याची किमान रेषा धरून, खेड्यांतील सुमारें चार दशांश व शहरांतील निम्मे लोक तिच्याखालीं आहेत असें दाखविलें. २०२२-२३ च्या पाहणींत खेड्यांतील माणशीं मासिक खर्च सरासरीनें ३,७७३ रुपये व शहरांतील ६,४५९ रुपये निघाला, आणि २०११-१२ मध्यें खेड्यांतील खर्चांत अन्नाचा जो हिस्सा शंभरांत ५२.९० होता तो ४६.३८ वर आला. ही सुधारणा खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. आपल्याच डोळ्यांपुढें खेडीं पालटलीं आहेत. परंतु २०१७-१८ मध्यें झालेल्या पाहणीचे निष्कर्ष सरकारनें प्रसिद्ध केले नाहींत, त्यामुळें या दोन आंकड्यांमध्यें दहा वर्षांहून मोठी पोकळी आहे, आणि मराठवाड्याचा २०१४ ते २०१६ चा दुष्काळ नेमका त्या पोकळींत पडलेला आहे. त्या वर्षांत गरिबाच्या ताटांत काय होतें, हें या आंकड्यांस विचारूं गेल्यास ते मौन धरतात.

खर्च वाढला म्हणजे सुख वाढलें, हें अनुमानहि वकिलाच्या कसोटीस उतरणारें नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्या उन्हाळ्यांत ज्यांनीं घागरी विकत घेतल्या, त्यांचा तो प्रत्येक रुपया खर्चाच्या बेरजेंत मिळाला. मुलाला दवाखान्यांत ठेवावें लागलें तर तोहि खर्चच. आणि अन्नाचा हिस्सा त्यानें घटतो, म्हणजे एंगेलच्या मापानें घर सुधारलें. बैलजोडी विकून जें धान्य आणलें तें खर्चांत दिसतें. गोठा रिकामा झाला तो त्या पानावर कोठेंच दिसत नाहीं. सावकाराला व्याज भरण्यासाठीं एक वेळचें जेवण तोडलें, तर व्याज हा उपभोग नव्हे म्हणून तें गळतें, व न खाल्लेली भाकरी तर मोजतांच येत नाहीं.

सबब मंडळीचें म्हणणें असें कीं, शहराच्या आंकड्यांवर आपण गांवच्या मदतीचा निर्णय करूं नये. गांवचा आंकडा गांवांत घ्यावा. आणि तो घेण्याचें साधन सरकारपेक्षां आपणांजवळच अधिक आहे. किराणा मालाच्या दुकानदाराच्या वहींत उधारी वाढली कीं दुकानदारानेंच ती बंद केली, हें दर आठवड्याला दिसतें. तेल किलोनें जाणारें आतां दहा रुपयांचें मोजून जातें, अखंड तांदळाचें गिऱ्हाईक कणीकडे वळतें, हेंहि त्यालाच प्रथम कळतें. अडत्याला ठाऊक असतें कीं लहान शेतकरी बियाण्याचें धान्यहि विकावयास आणीत आहे. जनावरांच्या बाजारांत बैलाचा भाव पडत असतां कडब्याचा भाव चढत असेल, तर त्या दोन भावांना तिसऱ्या पुराव्याची गरज नाहीं. सराफाला गहाण येणाऱ्या मण्यांवरून व जोडव्यांवरून जें कळतें तें कोणत्याहि पाहणींत येत नाहीं. जमीनदार बंधूंना माझी विनंति याहून सोपी आहे: गतवर्षीं या महिन्यांत आपल्या शेतावर किती माणसें किती दिवस लाविलीं व या वर्षीं किती, एवढें खरें लिहून द्यावें. त्यांत कोणाला दोष देण्याचा हेतु नाहीं. पीकच नसतां काम कोठून देणार?

एक शंका येईल, ती आधींच सांगून टाकतों. गिऱ्हाइकाची वही ही विश्वासाची वस्तु आहे. कोणाचेंहि नांव आम्हांस नको. उधारीची एकूण रक्कम, घरांची संख्या व भाव इतकेंच पुरे. नांवें लिहून आलेला तक्ता मंडळी स्वीकारणार नाहीं, हें मीं स्वतः नियमांत घालून घेतलें आहे.

या तक्त्यांवरून प्रत्येक गांवासाठीं महिन्याच्या मजुरीला किती किलो ज्वारी येते हें काढावें. तो आंकडा गतवर्षींच्या निम्म्याखालीं गेला तर सरकारी घोषणेची वाट न पाहतां तेथें विहिरींचा गाळ काढणें, फुटलेले बांध घालणें अशीं कामें काढावीं. मजुरी धान्याच्या मापानें ठरवून रोख द्यावी, म्हणजे धान्य गांवच्या दुकानांतूनच खरेदी होईल व दुकानदारहि उभा राहील. जीं घरें काम करूं शकत नाहींत, वृद्ध, आजारी व बाळंतिणी यांचीं, त्यांस घरपोंच शिधा द्यावा. यासाठीं किती रक्कम लागेल तें तक्ते आल्यावांचून सांगणें म्हणजे पुराव्याआधीं निकाल देणें होईल. पहिल्या कामांपुरता पैसा मात्र आतांच हातीं असला पाहिजे, कारण मजूर एकदां गांव सोडून ऊसतोडीस किंवा शहराच्या पुलाखालीं गेला कीं त्याच्या मागें तक्ता पाठवितां येत नाहीं.

तक्त्याचे छापील कागद दाराशीं चिटणिसांपाशीं ठेवले आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचा एक घेऊन जावा व पंधरा दिवसांच्या आंत भरून पाठवावा. वर्गणीचा आंकडा घालण्याची जागा त्याच कागदाच्या पाठीमागें आहे.